अध्ययन समुदाय निर्विघ्न कसा चालवावा

आपल्या शाळेत शिक्षकांचा व्यावसायिक अध्ययन समुदाय, म्हणजे नियमितपणे एकत्र बसून मुलांचे शिकणे आणि आपले शिकवणे तपासणारा गट, स्थापन होत असल्याबद्दल अभिनंदन. आता तेथे कोणी काही शिकणार नाही, एवढी दक्षता घेतली की झाले.

बैठक शेवटच्या तासिकेनंतर ठेवावी. हजेरी, मागील इतिवृत्ताचे वाचन आणि त्यास मंजुरी यांत पाऊण तास सुखाने सरतो.

खरा धोका उत्तरपत्रिकांचा आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ रिचर्ड डुफोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा समुदायांपुढे चार प्रश्न ठेवले: विद्यार्थ्यांनी काय शिकावे, ते शिकले हे कसे कळेल, न शिकल्यास आपण काय करू आणि ज्यांना ते आधीच येते त्यांचे काय. पहिल्याला अभ्यासक्रमाची प्रत दाखवावी, दुसऱ्याला निकालपत्रक; चौथ्यापर्यंत तसेही कोणी पोहोचत नाही. तिसऱ्याबाबत मात्र सावध असावे, कारण दोन तुकड्यांना एकच चाचणी दिली आणि अपूर्णांकांच्या बेरजेत एका तुकडीने सर्रास अंशात अंश व छेदात छेद मिळवल्याचे, तर दुसरीत तसे क्वचितच घडल्याचे सर्वांसमक्ष दिसले, तर एखादा सहकारी दुसऱ्याला ‘तुम्ही हे कसे शिकवलेत?’ असे विचारून बसेल. हे शब्द कानी पडताच चर्चा मुलांच्या घरच्या परिस्थितीकडे वळवावी. हा उपाय फसलेला मी तरी पाहिलेला नाही.

जपानी पाठ-अभ्यासाचे कौतुक अवश्य करावे. तेथे शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, इतर जण मुले कोठे अडखळतात हे टिपतात आणि नंतर चिरफाड होते ती पाठाची, शिक्षकाची नव्हे. आपण त्यात किंचित सुधारणा करावी: निरीक्षकांना मुलांकडे पाठ करून बसवावे, हाती फलकलेखन, आवाज आणि वर्गशिस्त असे रकाने असलेला तक्ता द्यावा आणि सर्वांना 10 पैकी 9 गुण देऊन स्नेहभाव टिकवावा.

शिक्षणाचे अभ्यासक अँडी हार्ग्रीव्ह्ज यांनी वरून लादलेल्या अशा एकोप्याला कृत्रिम सहकार्य म्हटले आहे. त्यांनी ते टीका म्हणून लिहिले. आपण कार्यपद्धती म्हणून वाचावे.

एवढे करूनही बैठक संपल्यावर दोन शिक्षिका एकाच विद्यार्थ्याची वही उघडून बाहेर बोलत उभ्या राहिलेल्या आढळतील. त्यांना विलंब न लावता अहवाल लेखन समितीवर घ्यावे.