वर्गाबाहेर उभा राहणारा पोरगा

आठवीच्या माझ्या वर्गात एक पोरगा होता, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागातल्या एका वाडीवरचा. कन्नडचा तास आला की त्याची खोडी ठरलेली. कुणाचं दप्तर लपवायचं, नाहीतर कुणाला ढकलायचं. सर त्याला बाहेर उभं करायचे आणि तक्रार वर्गशिक्षिका म्हणून माझ्याकडे यायची. मी वडिलांना बोलावून घेतलं. त्यांनी व्हरांड्यातच त्याला मारलं. मी अडवलं नाही.

पुढे एकदा त्याची आज्जी दाखला न्यायला आली. म्हणाली, "बाई, आदल्या रातीपासनं झोपत नाही बघा पोरगं. घामानं वही भिजत्या त्याची." मी वही मागवून घेतली. खरंच, कन्नडच्या प्रत्येक पानावर शाई पसरलेली होती. घरी मराठी, गावची शाळा मराठी, आणि इथं उभं राहून मोठ्यानं कन्नड वाचायचं. अक्षर अडलं की मागून हसू यायचं. वर्गाबाहेर काढलं की वाचायची पाळी टळायची. आम्ही ज्याला शिक्षा समजत होतो, त्यात त्याची सुटका होती.

त्याच साली नववीतल्या एका मुलीचं दर सोमवारी पोट दुखायचं. तपासण्यांत काही निघालं नाही. घरच्यांनी लिंबू उतरवलं, दोरा बांधला. स्टाफरूममध्ये आम्ही काय म्हणत होतो? "पोरीची जात, भित्रीच असायची." तिचं रडणं सगळ्यांना दिसत होतं आणि म्हणूनच कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

चिंताविकार मुलींत जास्त, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसतं. लहानपणी फरक थोडा असतो, वयात येताना वाढतो आणि पुढे मुलींचं प्रमाण मुलांच्या जवळपास दुप्पट होतं. त्यात शरीरातले बदल आहेत, तशी आपली वागणूकही आहे. पाळी सुरू झाली की पोरीवर बंधनं येतात. मुलीला 'भीती वाटते' म्हणायची मुभा असते, मुलाला नसते. त्याची भीती चिडचिड, मारामारी, शाळा बुडवणं अशी बाहेर पडते आणि आपण तिला आगाऊपणा म्हणतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात सगळे मानसिक विकार मिळून ७.३ टक्के निघाले, आणि मुलगे-मुलींचं प्रमाण जवळपास सारखं होतं. आजार वेगवेगळे असतील, पण पोरगा आहे म्हणून तो सुटलेला नाही.

त्या मुलीचं कारण मात्र निराळं निघालं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून बायका-मुलींना बस फुकट झाली. ही फार मोठी सोय आहे, कितीतरी पोरींचं हायस्कूल त्यामुळे सुरू राहिलं. पण सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत कुणीतरी तिला त्रास देत होतं. अशा पोरीला 'घाबरू नको, दीर्घ श्वास घे' सांगून काय होणार? तिच्या पोटदुखीचं औषध आधी त्या बसमध्ये शोधायला हवं होतं. आम्ही तिच्यासोबत दोन थोरल्या मुली जोडून दिल्या, कंडक्टरशी बोललो. सोमवारची पोटदुखी कमी झाली, पूर्ण गेली नाही. मग तिच्या आईला डॉक्टरांकडे न्यायला राजी करायला महिना गेला. "लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, बाई?" एवढाच तिचा प्रश्न होता.

पालकांनो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून ठेवा. फुकट आहे, मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. पोटदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड सारखी होते आणि तपासणीत काही निघत नाही, तेव्हा पोर नाटक करतंय असं धरून चालू नका. आणि भीती वाटते म्हणून कायमचं घरीही ठेवू नका. टाळत गेलं की भीती वाढतच जाते.

त्या पोराच्या बाबतीत डॉक्टरांनी पायरीपायरीने जायला सांगितलं होतं. आधी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर एक ओळ. मग दोन मित्रांसमोर. फेब्रुवारीत त्यानं वर्गात चार ओळी वाचल्या. तोवर बापाचा मार त्यानं दोनदा खाल्ला होता, त्यातला एक माझ्या बोलावण्यामुळे.