मलेरियाच्या किटला बोगस म्हणणारा तो मेसेज

दर पावसाळ्यात फिरतो तो मेसेज आज परत आमच्या फॅमिली ग्रुपवर आला. आशाताईकडची मलेरियाची किट बोगस असते, गोळ्या संपल्यावरही पॉझिटिव्ह दाखवते, ताप फणफणलेला असताना निगेटिव्ह येते, फिकट रेघ असेल तर धरू नका, खरी टेस्ट फक्त काचपट्टीचीच. मी लॅबमध्ये स्लाइड म्हणजे काचपट्टीही बघतो आणि किटही लावतो, म्हणून बोलतोय.

आधी फिकट रेघेचं, कारण हे वाचून जीव जाऊ शकतो. फिकट रेघ म्हणजे पॉझिटिव्ह. अगदी उजेडात तिरकी धरून दिसली तरी पॉझिटिव्हच, फक्त किटच्या पाकिटावर लिहिलेल्या वेळेत, म्हणजे साधारण १५-२० मिनिटांत बघायची. तासाभराने तीच किट परत उचलून बघितली तर नसलेली रेघही उमटलेली दिसू शकते, ती धरायची नाही. आणि कंट्रोलची, म्हणजे किट नीट चालली हे दाखवणारी रेघच आली नाही तर टेस्ट बाद, नवीन किट घ्यायची.

गोळ्यांनंतर पॉझिटिव्ह येतं हे खरंय, पण ती किटची चूक नाही. किट जंतू मोजत नाही, जंतूंनी रक्तात सोडलेलं प्रोटीन पकडते, आणि फाल्सीपेरमचं, म्हणजे मलेरियाच्या सगळ्यात धोकादायक जातीच्या जंतूचं, एचआरपी-२ नावाचं प्रोटीन जंतू मेल्यावरही दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त रक्तात राहतं. त्यामुळे बरा झालो का हे ह्या किटवर बघायचंच नाही, त्याला स्लाइड लागते.

ताप असून निगेटिव्ह? एकतर तो ताप डेंग्यूचा, फ्लूचा, कशाचाही असू शकतो. दुसरं, एका मायक्रोलिटर रक्तात साधारण २०० जंतू असले तर चांगली किट भरवशाने पकडते, त्याहून कमी असले तर हुकू शकते, व्हायवॅक्स ह्या दुसऱ्या जातीच्या मलेरियात तर जंतू कमीच असतात. म्हणून ताप उतरला नाही तर एक-दोन दिवसांत परत रक्त द्यायचं, निगेटिव्ह आली म्हणून घरी पडून राहायचं नाही. तिसरं कारण काही फाल्सीपेरममध्ये एचआरपी-२ चा जीनच गळालेला असतो, पेरूत हे २०१० मध्ये समोर आलं, नंतर इरिट्रियात तर एवढं वाढलं की किटच बदलावी लागली. भारतातही असे जंतू सापडलेत, पण तुरळक.

काचपट्टी चांगलीच आहे हो, निष्णात माणूस असेल तर किटपेक्षा कमी जंतूही दिसतात, शिवाय किती आहेत ते कळतं. पण पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ताच तुटतो, तिथून पुढच्या पाड्यावरची स्लाइड आरोग्य केंद्रात कधी पोचणार, कधी रंगवणार, रिपोर्ट कधी येणार? फाल्सीपेरम तेवढा थांबत नाही, मेंदूत गेला की तास मोजावे लागतात. आशाताईच्या पिशवीत किट आहे ती ह्यासाठी.

तक्रार करायचीच असेल तर साठवणीची करा. बऱ्याच किटवर ३० किंवा ४० डिग्रीच्या वर ठेवू नका असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात खोकी पत्र्याच्या खोलीत पडून असतात. पाकीट आधीच फोडून ठेवलं की दमट हवेने पट्टी बिघडते. रक्त घ्यायच्या वेळी पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, तारीख बघा.