मिठीचा गाळ काठावर ठेवून कोणाला फसवताय?

दर मे महिन्यात तेच. महापालिकेचं पोकलेन मुंबईच्या मिठी नदीत उतरतं, काळा गाळ उपसतं आणि काठावर ढीग लावतं. ओला गाळ डंपरमधून रस्ताभर गळतो, म्हणून आधी वाळवावा लागतो, हे मान्य. मग मार्चमध्ये काढा ना! मेअखेर काढलेला गाळ वाळणार कधी? जूनच्या पहिल्या जोरदार सरीत अर्धा ढीग जिथून काढला तिथेच परत जातो. संताप येतो हे बघून.

आणि कुर्ल्यात पाणी शिरलं की उत्तर ठरलेलं, ‘भरती होती.’ अहो, माहीमच्या खाडीत रोज दोनदा भरती येते! वर्षभराच्या वेळा आधीच छापलेल्या असतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येणार, हे कोळीवाड्यातल्या पोरालाही कळतं.

ही नदी नीट समजून घ्यायची कोणाला गरजच वाटत नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमला समुद्राला मिळेपर्यंत तिची लांबी जेमतेम १८ किलोमीटर. पवईकडे उतार बरा आहे, पण कुर्ल्याच्या खाली जमीन जवळपास सपाट. भरतीचं पाणी आत चढतं, वरून येणारं पाणी अडतं, आणि पाणी थांबलं की चिखल तळाला बसतो. त्यात खारं पाणी मिसळलं की मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात आणि आणखी लवकर बसतात. म्हणजे गाळ तिथे बाराही महिने बसतो, आणि तुम्ही तो काढायला पावसाच्या तोंडावर येता!

सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, ओढीनं त्यातला थोडा तरी खाडीत गेला असता. पण त्यासाठी पाण्याला वेग हवा, मोकळं पात्र हवं. इथे वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीकाठच्या दलदलीत भराव घातला, विमानतळापाशी नदी काटकोनात वळवली. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी मंदावतं आणि गाळ तिथेच धरतो. दरवर्षी त्याच जागी.

हिशेबही कसला, तर वजनकाट्यावर किती टन भरला याचा. ओल्या गाळाच्या वजनात पाणीच किती असतं! ठरावीक ठिकाणी, पक्क्या खुणेपासून, पात्राची खोली गाळ काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोजा. पुन्हा ऑक्टोबरमध्ये त्याच जागी मोजा. किती काढला आणि किती परत बसला, दोन्ही कळेल.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यापुढे कुठलंच पात्र पुरलं नसतं. पण पाणी भरायला आता तेवढा पाऊस लागतच नाही. काठाला संरक्षक भिंती बांधल्या, म्हणजे गल्लीतलं पाणी नदीत जायला फक्त भिंतीतली तोंडं उरली. नदी चढली की त्याच तोंडांतून उलटं पाणी गल्लीत येतं. ते अडवायला झडप लागते. जिथे ती नाही तिथे बसवा. जिथे आहे तिथे प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी ती पूर्ण मिटत नाही. पावसाळ्यात प्रत्येक उधाणाच्या आदल्या दिवशी माणूस पाठवून ती साफ करून घ्या. तारखा तर तुमच्याच भिंतीवर टांगलेल्या आहेत!