हायॉइड मोडलं म्हणजे खूनच?

‘शवविच्छेदनात गळ्यातलं हायॉइड हाड मोडलेलं आढळलं, म्हणजे गळा आवळून खूनच, शाबूत असेल तर आत्महत्या’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. त्याची दोन्ही टोकं चुकीची आहेत.

हायॉइड हे जिभेच्या मुळाशी असलेलं छोटं, नालाच्या आकाराचं हाड. तरुणपणी त्याचे भाग पुरते जुळलेले नसतात, ते लवचिक असतं. त्यामुळे गळा दाबून मारलेल्या तरुण व्यक्तीतही ते अनेकदा शाबूत सापडतं. उलट वय वाढलं की ते ठिसूळ होतं आणि गळफासातही मोडू शकतं. स्वरयंत्राच्या कूर्चेची (लवचिक, मऊ हाडाची) शिंगासारखी टोकं मोडणं हेही तसंच, दोन्हींत दिसतं.

मग डॉक्टर पाहतात काय? आधी मेंदू आणि छातीतले अवयव काढून मानेतलं रक्त निथळू देतात, मगच मान थराथराने उघडतात. हा क्रम चुकला तर चिरफाडीतच रक्त पसरतं आणि ते मारहाणीसारखं दिसतं. प्रिन्सलू आणि गॉर्डन या डॉक्टरांनी 1951 साली याच फसगतीकडे लक्ष वेधलं होतं. मोडलेल्या जागेभोवती रक्तस्राव आहे का, हे तर पाहावंच लागतं. हाड काढतानाही ते मोडू शकतं. मानेवरचा दोराचा वळ तिरका, वर चढत जाणारा आणि तुटक असेल तर सहसा गळफास, आडवा आणि पूर्ण वेढा घालणारा असेल तर सहसा आवळणं. ‘सहसा’ हा शब्द मात्र फिरत्या मजकुरात कधीच नसतो.

घटनास्थळाचा पंचनामा बाजूला ठेवून एका हाडावरून निकाल देणारा अहवाल कोर्टात उलटतपासणीत टिकणं कठीण.