पेंग्विनचं घर: आधी फीत, मग पंप

हम्बोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा. बर्फाशी त्याचा काही संबंध नाही. तो खडकांच्या कपारीत, नाहीतर पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरात बीळ करून राहतो. तरीही तुम्ही आधी फायबरचा पांढराशुभ्र हिमनग उभा करा. फोटो त्याचाच छापून येणार आहे. मुंबईच्या राणीबागेत २०१६ साली आठ हम्बोल्ट आले, तेव्हापासून आपल्याही गावात ते हवेत असं तुम्हाला वाटत असेल, तर पुढचं नीट वाचा.

हिमनगामागे उरेल तेवढ्या जागेत प्लँट रूम, म्हणजे पंप-फिल्टरची खोली, बसवा. ६० हजार लिटरच्या तळ्याचं पाणी तासाला एकदा फिरवायचं म्हणजे दीड मीटरहून जास्त व्यासाचा सँड फिल्टर लागतो. दार अडीच फुटी ठेवा, फिल्टर आधी आत घ्या आणि मग भिंत बांधा. पुढे फिल्टरच्या टाकीला तडा गेला की भिंत फोडायचं वेगळं टेंडर काढता येतं.

फिल्टरचा पाच मिनिटांचा बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने धुणं) म्हणजे पाच-सहा हजार लिटर पाणी. ते ७५ मिलिमीटरच्या फ्लोअर ट्रॅपमधून (फरशीतल्या मोरीतून) जातं असं ड्रॉइंगवर दाखवा. कागदावर ते जातंच. मधली साठवण टाकी वगळा आणि इलेक्ट्रिक पॅनल चौथऱ्याविना थेट फरशीवर ठेवा.

पाणी फक्त तळातून ओढा. माशांचं तेल, विष्ठा, पिसांवरची धूळ वर तरंगत राहते, पण वरून ओसंडणारं स्किमर घ्यायचं तर तळ्याच्या काठाची डिझाइन बदलावी लागते आणि आर्किटेक्टसाहेब रागावतात. तेलकट तवंगात पोहून पिसांचा जलरोधकपणा गेला, तर तो पशुवैद्यांचा विषय. वर्षातून एकदा पेंग्विन दोन-तीन आठवड्यांत सगळी पिसं टाकतो आणि पंपाची स्ट्रेनर जाळी दिवसातून कितीदातरी चोंदते. म्हणून जाळी एकच घ्या, पंपही एकच. स्टँडबाय पंप बीओक्यूतून (कामाच्या परिमाण-यादीतून) काढला की एल-वन, म्हणजे सर्वात कमी दराचा निविदाकार, व्हायला फार मदत होते.

तळ्याचं खारं पाणी थंड करणाऱ्या हीट एक्स्चेंजरला टायटॅनियमच्या प्लेट लागतात. दर पाहून घाम फुटला, तर पुढे ‘किंवा समतुल्य’ एवढेच दोन शब्द लिहा. तांबं येईल. खारं पाणी ते खाईल, पण डिफेक्ट लायबिलिटी (कॉन्ट्रॅक्टरने दोष दुरुस्त करून देण्याची मुदत) संपल्यावर.

आता हवा, कारण खरी मजा तिथे आहे. आत १६ ते १८ अंश ठेवायचे आणि बाहेर कोकणपट्टीचा पावसाळा, दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) २५-२६ अंशांवर. त्याहून थंड असलेली प्रत्येक काच, पाइप, डक्ट घाम गाळणार. दर हजार सीएफएम (मिनिटाला हजार घनफूट) ताज्या हवेमागे एएचयूच्या, म्हणजे हवा थंड करून खेळवणाऱ्या यंत्राच्या, कॉइलवर तासाला २५-३० लिटर पाणी जमतं. ड्रेन पाइपला यू-ट्रॅप (पाणी धरून हवा अडवणारं वळण) लावू नका; पंख्याच्या ओढीने पाणी आतच अडतं, ट्रे भरतो, आणि भिजलेल्या इन्सुलेशनवर बुरशी मस्त धरते. ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू फुप्फुसात गेले की पेंग्विन फार काळ तग धरत नाही. वीजबिल वाचवायला ताज्या हवेचा डँपरही (झडपही) बंदच करा, म्हणजे तेच बीजाणू पुन्हा पुन्हा फिरतील. चाचणी मात्र जानेवारीत घ्या. कोरड्या हवेत कुठलाही चिलर (गारवा देणारं यंत्र) पास होतो.

तापमानाचा सेन्सर उंचावर लावा, माणसाच्या हाताला येईल असा. पक्षी दोन-सव्वादोन फूट उंचीचा आहे, हे त्याचं दुर्दैव.

काम संपल्यावर झाडू मारून घेतला की पुरे. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याचे कपटे, स्क्रू, केबलचे तुकडे गाळात राहू द्या. चकाकणारी वस्तू पेंग्विन गिळतोच, पोटातल्या आम्लात जस्त विरघळतं आणि विषबाधेचं निदान व्हायला चार दिवस जातात. लोहचुंबक फिरवणं हा उगाच वाढवलेला खर्च. तसंही तांब्याची तार त्याला चिकटत नाही.

डीजी सेटवर (डिझेल जनरेटरवर) हिमनगाचे रंगीत दिवे आणि तिकीट खिडकी घ्या. चिलर घ्याल तर सेट मोठा लागेल. तापमान वाढल्यावर जाणाऱ्या एसएमएससाठी कॉन्ट्रॅक्टरच्या साइट इंजिनिअरचा नंबर भरा. हँडओव्हरनंतर तो दुसऱ्या साइटवर जातो, पण मेसेज त्याला वेळेवर पोचतात.