'एक सोलापूरकर' यांना उत्तर : ज्वारीचा इंजेरा आणि आईची उकड

नमस्कार. नाव नुसतंच 'एक सोलापूरकर' लिहिलंत, त्यामुळे काका म्हणावं की दादा, कळेना. इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचा इथियोपियातला डोशासारखा पदार्थ, त्यावर मी लिहिलं होतं. त्यावरच्या तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेचा गाभा असा: १४० परदेशी पाकपुस्तकांचा फोटो टाकणं हा निव्वळ दिखावा. त्यातलं निम्मं सामान सोलापुरात मिळत नाही, मग टेफच्या (इथियोपियातल्या बारीक धान्याच्या) जागी ज्वारी घालून त्याला 'अस्सल इंजेरा' म्हणणं ही फसवणूक. मोबाईलवर सगळं फुकट दिसत असताना पुस्तकं कशाला? आणि घरचं माडगं सोडून हे चोचले कुणासाठी?

आधी मान्य आहे ते सांगते. 'अस्सल' हा शब्द मथळ्यात घालायला नको होता, आजच काढलाय. फोटोतल्या पुस्तकांपैकी जेमतेम चाळीसेक पुस्तकांतलं काहीतरी चुलीवर चढलंय. बाकीची मी रात्री झोपताना कादंबरीसारखी वाचते. पण पैसे उधळून कपाट भरलंय असं समजू नका. माझा भाऊ टॉवेलच्या धंद्यात आहे. दर जानेवारीत, इकडे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते त्या सुमारास, तो फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातो आणि येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून दोन-चार उचलून आणतो. काही जर्मनमध्ये आहेत, त्यांतली चित्रंच बघते मी.

ज्वारीचं मात्र मान्य नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. इथियोपियात टेफ महाग पडतं, त्यामुळे कितीतरी घरांत ज्वारीचा किंवा दोन्ही पिठं मिसळून केलेला इंजेरा रोजच्या जेवणात असतो. मी वापरली ती आपली मालदांडी, मूळची मोहोळच्या संशोधन केंद्रातला वाण. तिची चव तिकडच्या ज्वारीसारखी तंतोतंत लागणार नाही, हे कबूल. पण टेफ मिळालं नाही म्हणून ज्वारी घेणं ही माझी चलाखी नव्हे, तिकडचीच रीत आहे.

आता मोबाईल. इंजेरा मी पहिले तीन वेळा व्हिडिओ बघूनच केला. पहिल्यांदा मे महिन्यात. व्हिडिओतली बाई म्हणाली, पीठ तीन दिवस आंबू द्या. तिचं बरोबर होतं, ती अदिस अबाबात राहते. ते शहर समुद्रसपाटीपासून २,३०० मीटरच्या वर, हवा गार. आमच्या स्वयंपाकघरात बेचाळीस अंश. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर पीठ पातेल्यातून उतू जाऊन ओट्यावरून फरशीवर ओघळलेलं, आणि वास असा की शेजारच्या काकूंनी दारात येऊन विचारलं, "काय मेलंय का गं माळ्यावर?" पुढच्या दोन वेळा रात्रभरच आंबवलं. वास गेला, पण तव्यावर चिरा पडायला लागल्या. उलथनं घातलं की तुकडे.

मग कपाटातलं पुस्तक काढलं. त्यात 'अब्सित' नावाचा एक परिच्छेद होता, सहा ओळींचा. आंबलेल्या पिठातलं थोडं बाजूला काढायचं, पाण्यात घालून शिजवायचं, मागाच्या सुताला लावतात त्या खळीसारखं दाट झालं की गार करून परत पिठात मिसळायचं. व्हिडिओत ही पायरीच नव्हती, कापली असेल. मी तो परिच्छेद आईला मराठीत वाचून दाखवला. ती शेंगा फोडत बसली होती, मान वरही न करता म्हणाली, "उकड की गं ही. पिठाची विरी गेली की भाकरीला काय करतो आपण?"

खरंच तेच आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारं प्रथिन, नसतं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. भाकरीला उकड घेताना मी हे शेकडो वेळा केलंय, कधी विचारलं नाही का करतो म्हणून. चौथ्यांदा जमलं. पीठ तव्यावर गोल ओतलं, झाकण ठेवलं, उलटलं नाही (इंजेरा एकाच अंगानं भाजतात) आणि वरच्या बाजूला बारीक छिद्रांची जाळी पडली. तिकडे त्या छिद्रांना 'डोळे' म्हणतात.

सोबत शिरो केलं होतं. कांदा, लसूण आणि हरभऱ्याचं मसालेदार पीठ. त्याला आपण काय म्हणतो ते तुम्हाला सांगायला नको. तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या बुधवार-शुक्रवारच्या उपासाला ते चालतं, मांस आणि दूधदुभतं चालत नाही. साबुदाण्यावर तूप ओतणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर बोलू नये. शिरोत पडणाऱ्या बेर्बेरे या तिखट मसाल्यासाठी मिरची, मेथी, ओवा, कलौंजी, सगळं मधल्या मारुतीजवळच्या बाजारात एका फेरीत मिळालं. अडली फक्त तिकडची वेलची, तिथे मसाला वेलदोडा घातला.

पुस्तकं सगळीच शहाणी असतात असं नाही, फसवतातही. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलिलिटरचा, इंग्लंड-अमेरिकेतला १५ चा. हे कळेपर्यंत माझे दोन केक खारट झाले.

माडग्यावर मी लिहीत नाही, हा तुमचा मुद्दा मात्र मला लागला. कारण असं की लिहायला बसले तेव्हा कळलं, आमच्या घरात ते कुठेच लिहिलेलं नाही. १४० पुस्तकं आहेत आणि हुलग्याच्या माडग्याचं माप नाही. आईला विचारलं, हुलग्याचं पीठ किती? "असं मूठभर." पाणी? "लागेल तसं." गूळ? "तुझ्या बापाला आवडायचा तेवढा." परवा तिच्या मुठीतलं पीठ वाटीत ओतून घेतलं, गुळाचा खडा काट्यावर ठेवला. ती वैतागली आहे, म्हणते, मोजून केलेलं माडगं मी खाणार नाही. रविवारी पुन्हा बसवते तिला. मापं हाती लागली की टाकते, आणि तुमच्या घरचं वेगळं असेल तर तेही कळवा, वाटीत मोजून.