ग्रॅमीचा राग एक वर्ष उशिरा आला

2025 च्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यात दिवंगत कलाकारांना आदरांजली वाहताना पडद्यावर उस्ताद झाकीर हुसेन यांचे नाव आले नाही, आणि त्या दिवशी मुंबईत अनेकांनी संताप व्यक्त केला. संताप रास्तच होता, कारण 15 डिसेंबर 2024 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत निधन पावलेल्या या कलावंताने त्याच्या आदल्याच सोहळ्यात, 4 फेब्रुवारी 2024 रोजी, एका दिवसात तीन ग्रॅमी पटकावले होते. माझे म्हणणे इतकेच आहे की हा प्रश्न आपण त्या तीन पुरस्कारांच्या वेळीच विचारायला हवा होता.

ते तीनही पुरस्कार टीव्हीवरच्या मुख्य सोहळ्यात दिले गेलेच नव्हते. 2024 मध्ये ग्रॅमीचे 94 विभाग होते आणि त्यांपैकी दहाच्या आसपासच पुरस्कार प्रक्षेपणात दिसले. बाकीचे सगळे दुपारच्या वेगळ्या समारंभात उरकले गेले, जो फक्त इंटरनेटवर पाहता येतो. सकाळी मोजक्या माणसांत लग्न लागावे आणि साऱ्या गावाने संध्याकाळचे रिसेप्शनच लग्न म्हणून लक्षात ठेवावे, तसे हे आहे. पुरस्कार ठरतो तो संगीतक्षेत्रातल्याच मंडळींच्या मतांनी. पडद्यावर काय दिसावे हे मात्र त्या मतांवर ठरत नाही आणि आदरांजली हा पडद्यावरच्या कार्यक्रमाचाच भाग असतो. वगळले गेले ते तिथे.

2025 ची आदरांजली कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या ख्रिस मार्टिनने गायली. हाच गायक दोन आठवड्यांपूर्वी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये गात होता आणि तिकिटांसाठी आपल्यापैकी कित्येकांनी आटापिटा केला होता, हा योगायोग मला बोचला. दुसरा योगायोग त्याहून बोचरा आहे. लॉस एंजेलिसमधली ती 2 फेब्रुवारीची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडची 3 फेब्रुवारीची सकाळ, आणि 3 फेब्रुवारी हा उस्ताद अल्लारखाँ यांचा स्मृतिदिन. त्याच दिवशी वडिलांच्या स्मरणार्थ झाकीरभाई सायनच्या षण्मुखानंद सभागृहात पहाटेपासून रात्रीपर्यंत मैफली घडवत असत.

माझी खरी तक्रार आपल्याकडच्या वार्तांकनाविषयी आहे. ‘शक्ती’ या गटाच्या ‘धिस मोमेंट’ या अल्बमला त्या तिनांपैकी एक पुरस्कार मिळाला तेव्हा ‘ग्रॅमीत भारताचा डंका’ छापाचे मथळे झाले आणि चेंबूरमध्ये वाढलेले गटाचे गायक शंकर महादेवन यांनी पत्नीला पुरस्कार अर्पण केल्याची चित्रफीत घरोघरी फिरली. पण 1973 मध्ये गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांनी ज्या गटाची सुरुवात केली, त्याचा हा चार दशकांहून अधिक काळाने आलेला स्टुडिओ अल्बम आहे, हे सांगायला फारसे कोणी थांबले नाही. उरलेले दोन पुरस्कार तर आकड्यातच विरून गेले. ते ‘अ‍ॅज वी स्पीक’ या अल्बमसाठी आणि त्यातल्या ‘पश्तो’ या रचनेसाठी होते, आणि त्यांत बेला फ्लेक यांचा बँजो, एडगर मायर यांचा डबल बास व राकेश चौरसिया यांची बासरी आहे. बँजोचा स्वर छेडताच विरतो, बासरी मींड घेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत) तो लांबवत नेते, आणि तबला दोघांनाही लयीत सांभाळत बोलत राहतो. माहीमचा तबलजी आणि मुंबईकर बासरीवादक यांचा हा संवाद किती मुंबईकरांनी ऐकला असेल? (माझ्या ओळखीतल्या तबला शिकणाऱ्या मुलांपैकीही फार थोड्यांनी.)

2025 मध्ये भारतीय वंशाच्या चंद्रिका टंडन यांच्या ग्रॅमी मिळालेल्या ‘त्रिवेणी’ या अल्बमचेही तेच झाले: सलवार सूटमधला फोटो सगळीकडे, संगीताविषयी दोन ओळी. पंडित रविशंकर यांना व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासह 1968 मध्ये ग्रॅमी मिळाला तेव्हा सोहळ्याचे थेट प्रक्षेपणही नव्हते. ते 1971 पासून सुरू झाले. त्या पुरस्काराचे मोल त्यामुळे काही घटले नाही.

दुपारचा तो समारंभ आपल्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास सुरू होतो आणि यूट्यूबवर फुकट दिसतो. वृत्तवाहिन्यांनी आपला एक जाणकार माणूस तेव्हा जागा ठेवावा. साडेसहाला मुख्य सोहळा सुरू होईपर्यंत आपल्या वादकांचे निकाल लागलेले असतात.